उपवासकाळ, ख्रिस्ती (लेंट) : कोकणातील परंपरा

ईस्टर या सणापूर्वीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती व्रतकाळ. येशू ख्रिस्ताची पीडा, मृत्यू व पुनरुत्थान यांच्या स्मरणासाठी भाविकाने अंतःकरणाची तयारी करावी, हा त्याचा हेतू होय. रोमन परंपरेत भस्म-बुधवारी या काळाचा प्रारंभ होतो व पवित्र सप्ताहाच्या अखेरीस तो ईस्टरमध्ये विलीन होतो. मधले सहा रविवार हे पुनरुत्थानाचे दिवस असल्याने उपवासाच्या गणनेत धरले जात नाहीत. त्यामुळे दिनदर्शिकेप्रमाणे हा काळ ४६ दिवसांचा असला, तरी उपवासाचे दिवस ४० च भरतात. ‘चाळिसावा’ या अर्थाच्या ‘क्वाद्राजेसिमा’ या लॅटिन शब्दावरून पोर्तुगीज भाषेत ‘क्वारेज्मा’ व त्यावरून गोव्याच्या कोंकणीत ‘कोरेज्म’ हा शब्द आला. इंग्रजीतील ‘लेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ वसंत ऋतू असा आहे. मराठी ख्रिस्ती समाजात उपवासकाळ व प्रायश्चित्तकाळ अशी दोन्ही नावे रूढ आहेत.

या नावांपैकी ‘उपवास’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. तेव्हा उपवासाचा व्युत्पत्तीने निघणारा अर्थ उपाशी राहणे हा नसून जवळ राहणे हा आहे. शतपथ ब्राह्मणात यज्ञाच्या आदल्या दिवसाविषयी असा विचार आला आहे, की यजमानाचा संकल्प जाणून देव त्याच्या घरी येतात व त्याच्याजवळ राहतात. पाहुणे जेवले नसता यजमानाने आधी जेवणे अनुचित, म्हणून त्या दिवशी त्याने अन्न वर्ज्य करावे. बौद्धांचा ‘उपोसथ’ हा शब्दही याच मूळचा. ख्रिस्ती धर्म कोकणात आला, तेव्हा त्याच्या व्रताला मिळालेला देशी शब्द असा शतकानुशतकांच्या अर्थाने भारलेला होता. अन्नाचा नियम आणि देवाचे सान्निध्य यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. कोकणातील ख्रिस्ती उपवासाचा इतिहास हा बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास होय.

उगम व विकास : ख्रिस्ती उपवासाची मुळे ज्यू धर्मात आहेत. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिला व संदेष्टा एलीया चाळीस दिवस चालत देवाच्या पर्वतापर्यंत गेला, असे जुन्या करारात सांगितले आहे. दोन्ही कथांत निराहार अवस्थेची परिणती देवाच्या भेटीत होते. येशूने बाप्तिस्म्यानंतर अरण्यात केलेला चाळीस दिवसांचा उपवास हा त्याच परंपरेतील असून उपवासकाळाचा तो साक्षात आदर्श मानला जातो. उपवासाच्या दांभिकतेविरुद्धचा इशाराही बायबलमध्येच आढळतो. यशया या संदेष्ट्याने अन्यायाची बंधने सोडणे व भुकेल्याला आपल्या अन्नातील वाटा देणे यालाच खरा उपवास म्हटले आहे. लोकांना दिसावा म्हणून चेहरा उदास करून उपवास करू नये, तो गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासाठी असावा, अशी येशूची शिकवण आहे.

आरंभीच्या शतकांत ईस्टरपूर्वीचा उपवास अल्पकाळाचा होता व त्यात एकवाक्यता नव्हती. कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी सलग चाळीस तास उपवास करीत, असे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आयरिनियस याने नमूद केले आहे. चाळीस दिवसांच्या काळाचा स्पष्ट उल्लेख इ. स. ३२५ च्या नायसीया धर्मपरिषदेच्या पाचव्या नियमात येतो. त्या शतकात ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्या नवख्रिस्ती उमेदवारांच्या तयारीशी हा काळ जोडला गेला. पुढे, भ्रष्ट आचरणामुळे समाजाबाहेर ठेवलेल्या पापी व्यक्तींना पुन्हा सामावून घेण्याचा विधीही याच काळाला जोडला गेला. प्रायश्चित्ताचे चिन्ह म्हणून कपाळाला वा मस्तकाला राख लावण्याची प्रथा पोप दुसरा अर्बन याच्या कारकीर्दीत, १०९१ च्या बेनेव्हेन्तो परिषदेत, सर्वांसाठी विहित करण्यात आली. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करून ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला. त्यामुळे उपवासकाळ हा आत्मपरीक्षणाचा वार्षिक काळ ठरला.

आहाराचे नियम मध्ययुगात कडक होते. दिवसातून एकदाच, तेही सूर्यास्तानंतर जेवावयाचे. मांस, अंडी, दूध, लोणी व चीज हे पदार्थ वर्ज्य. भोजनाची वेळ हळूहळू दुपारवर आली व रात्री अल्पाहाराची मुभा मिळाली. मासे मात्र मांसात गणले जात नसत. कष्टाची कामे करणारे, आजारी, वृद्ध, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना उपवासातून सूट असे. पोर्तुगीजांच्या राज्यात ‘बुला द क्रुझाद’ या पोपच्या आज्ञापत्रान्वये ठराविक दान देऊन आहाराच्या काही बंधनांतून सवलत मिळविता येई. या सवलतीचा लाभ साहजिकच दान देण्याची ऐपत असलेल्यांना अधिक होता.

कोकणात आगमन : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले व १५३४ च्या तहाने वसई मिळविली. त्याच वर्षी गोव्यात धर्मप्रांताची स्थापना झाली. फ्रान्सिस झेव्हिअर १५४२ मध्ये गोव्यास आला. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. या सत्तेच्या बळावर जो धर्म रुजला, त्याबरोबर उपवासकाळाचा सर्व आचार आला : भस्म-बुधवारची राख, शुक्रवारचे मांसवर्जन, क्रूसाच्या वाटेवरील ख्रिस्ताच्या मूर्तीच्या मिरवणुका, ‘मोतेत’ नावाची शोकगीते आणि त्यापूर्वीचा ‘इंत्रुज’ म्हणजे कार्निव्हलचा उत्सव. गोवा वेल्हा येथे फ्रान्सिस्कन परंपरेतील संतांच्या मूर्तींची मिरवणूक उपवासकाळातील पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी आजही निघते. झावळ्यांच्या रविवारी खजुरीच्या फांद्यांऐवजी माडाच्या कोवळ्या झावळ्या हाती आल्या, हा कोकणच्या भूमीचा या आचारावरील ठसा होय.

येथे दोन उपवास एकमेकांसमोर उभे राहिले. कोकणातील हिंदू कुटुंबात एकादशी, शिवरात्र, सोमवार, चतुर्थी असे उपवास वर्षभर चालत. त्यांत भात, भाकरी, डाळ ही रोजची अन्ने वर्ज्य. दूध, फळे, कंदमुळे व पुढील काळात रताळी, साबुदाणा यांचा फराळ चाले. मासे तर त्या दिवशी निषिद्धच. ख्रिस्ती उपवासाची रचना याच्या जवळजवळ उलट होती. त्यात धान्य चाले, मासे चालत. जुन्या कडक नियमानुसार दूधदुभते मात्र वर्ज्य. तेव्हा नवख्रिस्ती कुटुंबाने उकड्या तांदळाची पेज व मासळीचे कालवण घेऊन धर्माने सांगितलेला उपवास पाळला, तर शेजारच्या हिंदू घराच्या दृष्टीने तो उपवासच नव्हे. आणि शेजारणीचा दूधफळांचा उपवास चर्चच्या नियमात बसणारा नव्हता. शिवाय युरोपात ज्या मांसाचा त्याग हे व्रताचे मर्म होते, ते मांस कोकणातील सामान्य शेतकऱ्याच्या वा कोळ्याच्या ताटात क्वचितच येई. अन्नाचा नियम जसाच्या तसा एका भूमीतून दुसऱ्या भूमीत नेला, की त्यातील त्यागाचे मोल बदलते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

धर्मन्यायालयाने मात्र आचारातील साम्य व भेद यांकडे केवळ संशयाने पाहिले. १७३६ च्या जाहीरनाम्यात त्याने गोव्यातील ख्रिस्ती लोकांना अनेक देशी चालीरीतींची मनाई केली. विवाहातील गाणी, विडे व फुले देण्याचे प्रकार, तुळशीचे रोप, भात शिजविण्याची हिंदू पद्धत, पोशाख इत्यादींबरोबर एकादशीचा उपवासही त्या यादीत होता. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे हा जाहीरनामा अभ्यासकांच्या चर्चेत आला. धर्मांतराला दीडदोन शतके लोटल्यावरही असा निषेध करावा लागला, यावरून ख्रिस्ती घरांत एकादशी टिकून होती, असे अनुमान निघते. वर्षानुवर्षे भुकेच्या द्वारे देवाशी बोलण्याची सवय झालेल्या मनाला एक उपवास पुण्यकारक व दुसरा दंडनीय, ही विभागणी सहजी उमगली नसावी. चर्चच्या भूमिकेनुसार उपवास कोणाप्रीत्यर्थ केला, हाच निर्णायक मुद्दा होता व तो तत्त्वतः योग्यही म्हणता येईल. तथापि हेतूची परीक्षा हेर व दंड यांच्या साहाय्याने करता येत नाही. देवाजवळ नेणारी गोष्ट भयाच्या छायेत आली, की तिचे स्वरूपच बदलते.

क्रिस्तपुराण व श्रवणभक्ती : याच भूमीत दुसरा, अधिक मोलाचा प्रयत्नही झाला. फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आला व त्याने आपले आयुष्य मुख्यतः साष्टी भागात घालविले. त्याने मराठीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात जुन्या करारातील कथा व दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती लोकांतील एक ब्राह्मण धर्मगुरूला सांगतो, की पूर्वीची पुराणे आम्हाला बंद झाली, तर त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही द्या. नव्या धर्माने लोकांच्या जीवनात जी पोकळी निर्माण केली होती, तिची ही स्पष्ट कबुली आहे. व्रत म्हटले की कथा आलीच, हा येथील लोकांचा संस्कार होता. उपाशी राहिलेल्या माणसाला देवाची गोष्ट ऐकावयाची असते.

स्टीफन्सने ही गरज ओळखली. त्याने ओवी हा छंद, पुराण ही रचना आणि ‘वैकुंठ’ यांसारखे शब्द निःसंकोचपणे स्वीकारले. हा ग्रंथ रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचला व गायला जात असे. त्याच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. गोव्यातून कर्नाटकच्या किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. मंगळूर येथे १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली व १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. फ्रांसिश्कु व्हाज द गिमारायंश याचे १६५९ मधील पुराण तर ख्रिस्ताची पीडा व मृत्यू यांच्याच नावाने ओळखले जाते. उत्तर कोकणच्या बोलीला जवळ असलेल्या मराठीत ते रचलेले आहे. उपवासकाळाचा गाभा जो पीडेचे चिंतन, त्याला या ग्रंथांनी मराठी वाणी दिली. आहाराचे नियम पोर्तुगालहून आले होते. चिंतनाची भाषा मात्र कोकणातली होती.

रत्नागिरी व दक्षिण कोकण : गोव्याच्या उत्तरेस, सावंतवाडी संस्थानात आणि वेंगुर्ले, मालवण या बंदरांच्या परिसरात गोव्याहून आलेली कॅथलिक कुटुंबे स्थायिक झाली. ही दोन्ही बंदरे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत. येथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य होता. पोर्तुगीज सत्तेचे संरक्षण नव्हते, तशी तिची सक्तीही नव्हती. उपवासकाळ पाळणे हा कुटुंबाच्या निष्ठेचा भाग उरला.

या जिल्ह्यात उपवासकाळाला एक वेगळी पार्श्वभूमी लाभते. फाल्गुनी पौर्णिमा बहुधा या चाळीस दिवसांतच येते आणि शिमगा हा रत्नागिरीचा सर्वांत मोठा लोकोत्सव. ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघर जातात, ढोल वाजतात, मुंबईचे चाकरमानी गावी येतात. त्याच दिवसांत ख्रिस्ती घरात विवाहसमारंभ व मेजवान्या टाळून संयम पाळला जातो. कोकणी मुसलमानांचा रमजान चांद्र वर्षाप्रमाणे मागे सरकत असल्याने कधी कधी तोही याच वेळी येतो. २०२५ मध्ये रमजान व ख्रिस्ती उपवासकाळ हे दोन्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. अन्न वर्ज्य करून देवाची आठवण ठेवण्याच्या तीन परंपरा एकाच गावात शेजारी नांदतात, हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

रत्नागिरीत प्रॉटेस्टंट परंपराही पोहोचली. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने आपल्या कोल्हापूर येथील कार्याला जोडून १८७३ मध्ये रत्नागिरी येथे केंद्र उघडले. या पंथाची उपवासकाळाविषयीची भूमिका निराळी होती. झुरिक येथे १५२२ मध्ये एका मुद्रकाच्या घरी उपवासकाळात मांसाहार झाला, तेव्हा झ्विंग्लीने त्याचे समर्थन करताना, बायबलमध्ये नसलेला आहारनियम माणसावर लादता येत नाही, असे प्रतिपादन केले. कॅल्व्हिननेही उपवासाला विरोध न करता त्याच्या सक्तीला व त्यातून पुण्य साठते या समजुतीला विरोध केला. त्यामुळे या परंपरेतील मराठी मंडळींत ठराविक चाळीस दिवसांपेक्षा प्रसंगपरत्वे केलेली प्रार्थना व उपवास यांना महत्त्व राहिले. अँग्लिकन परंपरेने मात्र लेंट कायम ठेवला. १९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट पंथांच्या एकीकरणाने उत्तर भारतीय चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाले, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे चरित्र या संदर्भात उद्‌बोधक ठरते. चित्पावन कुटुंबात सोवळे, व्रते व उपवास यांच्या वातावरणात ते वाढले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते ज्या मिशनशी संबद्ध होते, तेथे लेंटच्या नियमांना स्थान नव्हते. तथापि त्यागावाचून भक्ती नाही, ही जन्मजात धारणा त्यांनी सोडली नाही. अभंग व कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मराठी वळणाने मांडली. १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीचा राजीनामा देऊन त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली व ‘देवाचा दरबार’ ही चळवळ आरंभिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात खाण्यापिण्याची बंधने गळून पडण्याची प्रक्रिया प्रांजळपणे आली आहे. आहाराचे जुने नियम सोडणे हाच त्यांच्यासाठी एक कठीण त्याग होता. एकाला अन्न सोडून जे साधते, ते दुसऱ्याला अन्नाविषयीचा अभिमान सोडून साधते, असा या दांपत्याच्या जीवनाचा अर्थ लावता येईल.

आधुनिक काळ : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेच्या वापरास अनुमती दिली. उपासनेविषयीच्या तिच्या १९६३ च्या संविधानात, उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक न राहता बाह्य व सामाजिकही असावे, असे म्हटले आहे. पोप सहावा पॉल याने १९६६ मध्ये उपवासाचे नियम बरेच सौम्य केले. १९८३ च्या चर्चविधिसंहितेनुसार भस्म-बुधवार व उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. या दिवशी एक पूर्ण भोजन व दोन वेळा अल्प आहार घेता येतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत हा नियम लागू असतो. मांसवर्जनाचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू आहे. कॅरिटास इंडिया (स्थापना १९६२) ही कॅथलिक सेवासंस्था भूक व रोग यांविरुद्धची आपली वार्षिक मोहीम याच काळात चालविते. स्वतःच्या ताटातून वाचलेले भुकेल्याला द्यावे, हा यशयाचा विचार तीत मूर्त झाला आहे. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन होऊन सावंतवाडी हे त्याचे मुख्यालय झाले. रत्नागिरी जिल्ह्याचा समावेश या धर्मप्रांतात होतो.

आहाराचे बंधन दोन दिवसांपुरते उरल्याने उपवासकाळाचे महत्त्व ओसरले, असे म्हणता येत नाही. नियमाचा भार हलका झाल्यावर काय सोडावे व कशासाठी सोडावे, याचा निर्णय प्रत्येकाच्या विवेकावर आला आहे. मद्य, तंबाखू, करमणूक, कटू बोलणे यांचा त्याग. क्रूसाच्या वाटेची भक्ती. जुना अबोला सोडून समेट करणे, असे पर्याय भाविक निवडतात. हा मार्ग कडक नियमापेक्षा सोपा असेलच असे नाही, कारण त्यात स्वतःची फसवणूक करणे सुलभ असते. म्हणूनच भुकेचा प्रत्यक्ष अनुभव चर्चने पूर्णतः काढून टाकलेला नाही. आपण स्वयंपूर्ण नाही, अन्नासाठी, शेजाऱ्यासाठी व देवासाठी परावलंबी आहोत, ही जाणीव रिकामे पोट जितकी स्पष्टपणे करून देते, तितकी केवळ उपदेशाने होत नाही. राज्यसत्तेचे हुकूम, दानाच्या बदल्यात मिळणाऱ्या सवलती व पंथांचे वाद या सर्वांतून जाऊन कोकणातील ख्रिस्ती समाजाने जो शब्द टिकविला, तो उपवास हाच. त्याचा मूळ अर्थ सान्निध्य, आणि अन्नत्याग हे त्या सान्निध्याचे एक साधन होय.